स्वेदाची साक्ष

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात, न्यायासनावर बसलेल्याने दुष्ट पक्षकार किंवा खोटा साक्षीदार कशावरून ओळखावा याची लक्षणे दिली आहेत, आणि ती वाचताना आजच्या एखाद्या तालुक्याच्या कचेरीतले दृश्यही डोळ्यांपुढे उभे राहावे इतकी ती जिवंत आहेत. असा मनुष्य एका जागी स्थिर उभा राहत नाही, ओठांच्या कडा जिभेने चाटतो, त्याच्या कपाळावर घाम येतो, चेहऱ्याचा वर्ण पालटतो, वाणी कोरडी होऊन अडखळते आणि मागचे बोलणे पुढच्याशी जुळेनासे होते. कौटिल्यानेही अर्थशास्त्रात, राजाच्या अन्नात विष घालणारा सेवक कसा ओळखावा हे सांगताना, तोंड सुकणे, शब्द अडणे, जांभया आणि कंप यांच्या पंगतीला घाम बसवला आहे. मनुष्याची जीभ खोटे बोलू शकते, परंतु त्याची त्वचा खोटे बोलत नाही, हा या दोन्ही शास्त्रकारांच्या मनातला गृहीत सिद्धांत होय, आणि तो इतका स्वाभाविक वाटतो की दोन हजार वर्षांत त्याची उलटतपासणी करण्याची गरज फारच थोड्यांना भासली.

ज्यांना हवामान थंड असता, मन निर्धास्त असता आणि हातून काही श्रम झाले नसता तळहातांवरून पाण्याचे थेंब निथळतात, अशा माणसांचा इतिहास कोणी स्वतंत्रपणे लिहून ठेवलेला नाही. तो वैद्यकाच्या ग्रंथांत थोडा, धर्मशास्त्रात थोडा, राजवाड्यांच्या कारखान्यांत थोडा आणि अलीकडच्या शंभर वर्षांत जाहिरातींत पुष्कळ, असा विखुरलेला आहे. तो गोळा करू लागले म्हणजे असे दिसते की, अतिस्वेद हा विकार अंगाला जितका जाचतो त्याहून अधिक तो लोकांच्या दृष्टीमुळे जाचतो, कारण पाहणारा प्रत्येक जण नकळत याज्ञवल्क्याच्या न्यायासनावर जाऊन बसलेला असतो.

त्या न्यायासनावरच्या पुराव्याला पहिली हरकत घेतली ती, आश्चर्य वाटेल, एका टीकाकाराने. कल्याणीच्या चालुक्यांचा प्रतापी राजा सहावा विक्रमादित्य याच्या कारकीर्दीत, म्हणजे अकराव्या शतकाच्या अखेरीस व बाराव्याच्या प्रारंभी, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली, जी पुढे महाराष्ट्रात हिंदूंच्या वारसाहक्काच्या वादांत इंग्रजी अमदानीच्या न्यायालयांतही प्रमाण मानली गेली. घामाच्या त्या श्लोकांपाशी आल्यावर विज्ञानेश्वर थबकतो आणि बजावतो की, या चिन्हांवरून दोषाची केवळ संभावना समजावी, निश्चय समजू नये, कारण मनुष्याचा स्वाभाविक विकार कोणता आणि प्रसंगामुळे उत्पन्न झालेला कोणता याचा विवेक करणे फार कठीण आहे. एवढ्यावर न थांबता तो पुढे असेही म्हणतो की, एखाद्या निपुण परीक्षकाला हा भेद समजला तरी तेवढ्यावरून पराजयाचा निकाल देता येत नाही, कारण मरणोन्मुखाची लक्षणे दिसली म्हणून शहाणी माणसे त्याचे उत्तरकार्य आरंभीत नाहीत. स्वाभाविक आणि नैमित्तिक या दोन शब्दांनी विज्ञानेश्वराने जी रेषा आखली, ती शरीरशास्त्राला सप्रयोग आखून दाखवण्यासाठी विसावे शतक उजाडावे लागले. कायद्याच्या टीकाग्रंथात वैद्यकाचे इतके नेमके वाक्य सापडावे, हा आपल्या वाङ्मयातला एक दुर्लक्षित चमत्कार आहे असे मला वाटते.

वैद्यांचे म्हणणे या बाबतीत काय होते हे पाहू गेल्यास चरकसंहितेत स्वेदाविषयी जे विवेचन आहे ते न्यायशास्त्रापेक्षा कितीतरी उदार आहे. आयुर्वेदाने पुरीष, मूत्र आणि स्वेद हे तीन प्रमुख मल मानले, स्वेद हा मेद धातूचा मल ठरवला, आणि मल असूनही त्याच्याकडे त्वचेतील ओलावा राखण्याचे काम सोपवले. स्वेदवह स्रोतसांचे मूळ मेद आणि लोमकूप यांत आहे असे सांगून विमानस्थानात त्यांच्या दुष्टीची लक्षणे दिली आहेत, त्यांत घाम मुळीच न येणे आणि अतिशय येणे ही दोन्ही टोके आहेत. परंतु खरे महत्त्व आहे ते कारणांच्या यादीला: अतिव्यायाम, अतिसंताप आणि शीतोष्णाचे क्रम सोडून सेवन यांच्या बरोबरीने तेथे क्रोध, शोक आणि भय ही कारणे दिली आहेत. ज्या भयावरून न्यायाधीश अपराध ताडीत होता, तेच भय वैद्याच्या लेखी रोगाचे निदान होते. शोकाकुल विधवा आणि खोटा साक्षीदार या दोघांचेही कपाळ सारखेच भिजते, ही गोष्ट चरकाला ठाऊक होती. पित्ताच्या चाळीस विकारांत त्याने अतिस्वेद आणि अंगगंध यांना शेजारीशेजारी स्थान दिले, आणि अतिस्थूल मनुष्याचे जे आठ दोष सांगितले त्यांत दुर्गंध व स्वेदबाधा यांचा समावेश केला.

आयुर्वेदाची मोठी कर्तबगारी मात्र घाम आणवण्यात आहे, थांबवण्यात नव्हे. सूत्रस्थानाचा चौदावा अध्याय सगळाच्या सगळा स्वेदन या उपचाराला वाहिलेला असून त्यात अग्नीच्या साहाय्याने घाम काढण्याचे तेरा प्रकार तपशिलाने वर्णिले आहेत, आणि त्याखेरीज अग्नीवाचून घाम आणणाऱ्या दहा गोष्टी मोजल्या आहेत, ज्यांत व्यायाम, उबदार घर, जड पांघरूण, भूक, मद्यपान आणि ऊन यांच्याबरोबर भय, क्रोध व युद्ध हीही आहेत. स्वेदनाचा अतिरेक झालेल्याला ग्रीष्म ऋतूची दिनचर्या, मधुर, स्निग्ध आणि शीतल, लावावी असा आदेश आहे. ज्याचा घाम मुळातच अनावर आहे त्याच्यासाठी तिसऱ्या अध्यायात शिरीष, लामज्जक म्हणजे वाळ्याच्याच कुळातले गवत, नागकेशर आणि लोध्र यांच्या चूर्णाचे अंगमर्दन सांगितले आहे, तर दुर्गंधासाठी तमालपत्र, लोध्र आणि चंदन ज्यात येतात असा निराळा लेप आहे. लोध्राच्या सालीत तुरट द्रव्य भरपूर असते. तुरट रसाने त्वचा आखडते आणि स्राव आटतो हे निरीक्षण त्यामागे उघड दिसते, आणि पुढे शतकानुशतके न्हाव्याच्या धोपटीत जो तुरटीचा खडा राहिला तोही याच निरीक्षणाचा वंशज होय.

भरताच्या नाट्यशास्त्रात स्वेदाला आणखी तिसरेच स्थान मिळाले. तेथे तो आठ सात्त्विक भावांपैकी एक असून क्रोध, भय, हर्ष, लज्जा, दुःख, श्रम, रोग, ताप अशी त्याची कितीतरी कारणे दिली आहेत. हर्ष आणि लज्जा यांची नोंद न्यायशास्त्राने घेतली नव्हती हे येथे लक्षात घ्यावे. परंतु नटाला इच्छेनुसार घाम आणता येत नाही ही अडचण जाणून भरताने त्याच्या अभिनयाची युक्तीही सांगून ठेवली: पंखा हाती घ्यावा, घाम पुसल्यासारखे करावे, वाऱ्याची अभिलाषा दाखवावी.

पंखा आणि वारा यांची ही अभिलाषा आपल्या देशात एका स्वतंत्र संस्कृतीच्या पदवीला पोहोचली. विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याने सुमारे ११३० च्या आसपास मानसोल्लास नावाचा जो विश्वकोशतुल्य ग्रंथ रचला, त्यात राजाने भोगावयाच्या उपभोगांमध्ये स्नान, विलेपन आणि चामर यांना वेगवेगळे अध्याय दिले आहेत. म्हणजे ज्या कल्याणीच्या दरबारात बापाच्या आश्रयाखाली घामाच्या साक्षीची किंमत ठरवली गेली, तेथेच मुलाने तो घाम राजाच्या अंगावर राहू नये याची तजवीज ग्रंथबद्ध केली. शिवकालातील अठरा कारखान्यांची जी नावे परंपरेने चालत आली आहेत त्यांत आबदारखाना आणि शरबतखाना आहेत, आणि आबदारखान्यातल्या माणसांचे काम पाणी पुरवण्याइतकेच ते गार राखण्याचेही असे. उत्तरेत अकबराच्या पदरी शोऱ्याच्या योगाने पाणी थंड करण्याची रीत होती, तिचे वर्णन अबुल फजलाने आइन-इ-अकबरीत करून ठेवले आहे.

सामान्यांच्या घरी शोरा नव्हता, परंतु वाळा, चंदन, माठ आणि विंझणा होता, आणि त्यांचा उपयोग ऋतूच्या आचारांत असा काही गुंफला गेला की उष्णतेचे व्यवस्थापन हे धर्मकृत्य होऊन बसले. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या सुवासिनीच्या हातांना चंदनाचे लेपन करावयाचे, तिच्यावर गुलाबपाणी शिंपडावयाचे, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरून कैरीची डाळ आणि पन्हे द्यावयाचे, हा सगळा विधी उन्हाने घामाघूम होऊन दारी आलेल्या बाईचा आदरसत्कार आहे. अक्षय्यतृतीयेला पाण्याने भरलेला कुंभ दान करावयाचा आणि त्याच्या जोडीला पंखा, छत्री व जोडे द्यावयाचे. पंढरीत तर प्रत्यक्ष विठ्ठलालाच ऊन लागते अशी भावना असल्यामुळे गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत त्याच्या सर्वांगाला चंदनाची उटी लावण्याचा परिपाठ आहे. देवाला घाम येतो, आणि त्यात त्याचे देवत्व उणावत नाही, ही कल्पना ज्या समाजाने प्रेमाने जोपासली, त्याच समाजात वधूपरीक्षेच्या वेळी मुलीचा तळहात ओला लागला तर पाहुण्यांच्या नजरा एकमेकींना भेटत, ही विसंगती नमूद केल्यावाचून राहवत नाही.

वाळ्याच्या बाबतीत भूगोलाने एक भेद पाडून ठेवला आहे. वाळ्याच्या ताट्या दारांना लावून त्यांवर पाणी शिंपडले म्हणजे आत येणारा वारा गार आणि सुगंधी होतो, परंतु हे घडते ते बाहेरचा वारा कोरडा असेल तरच, कारण सगळी किमया पाण्याच्या बाष्पीभवनाची आहे. त्यामुळे खानदेश, वऱ्हाड आणि नागपूर या कोरड्या प्रांतांत वाळ्याची ताटी रुजली, आणि आज तेथे घरोघरी खडखडणारे कूलर, ज्यांच्या जाळीत वाळा किंवा लाकडाचा कीस भरलेला असतो, ते तिचेच यांत्रिक अवतार आहेत. मुंबई-कोकणात हवाच आधी पाण्याने भरलेली असल्यामुळे ताटी निरुपयोगी ठरते, आणि तेथील माणसाने विंझणा, खांद्यावरचा पंचा, दोनदा स्नान आणि कोकमाचे सरबत यांवरच भिस्त ठेवली. कोकणातल्या उन्हाळ्यात जो घाम येतो तो वाळतच नाही, नुसता ओघळतो, आणि ओघळलेला घाम शरीराला गारवा देण्याच्या कामी जवळजवळ वायाच जातो.

औरंगजेबाच्या दरबारी बर्नियर नावाचा फ्रेंच वैद्य होता, त्याने श्रीमंतांच्या बागांतील खसखान्यांचे वर्णन केले आहे: सुगंधी मुळ्यांची ही लहानशी घरे तळ्यालगत उभारीत आणि नोकर त्यांवर बाहेरून पाणी मारीत. तोच बर्नियर १६६५ साली बादशहाच्या लवाजम्याबरोबर काश्मीरकडे जात असता पंजाबच्या उन्हात असा पोळून निघाला की, आपले शरीर म्हणजे निव्वळ चाळण झाली आहे, एका घोटात घेतलेले शेरभर पाणी त्याच क्षणी बोटांच्या अग्रांपर्यंत प्रत्येक रंध्रातून बाहेर पडते, आणि अंगभर सुयांसारखे टोचणारे लाल पुरळ उठले आहे, अशा आशयाचे पत्र त्याने लिहिले. घामोळ्यांचे इतके चटका लावणारे वर्णन एका वैद्याने स्वतःच्या कातडीवरून केलेले दुसरे माझ्या वाचनात नाही.

पुढे कंपनी सरकारच्या अमदानीत छताला टांगलेला दोरीचा पंखा आला, आणि कचेऱ्या, कोर्टे, भोजनगृहे व साहेबांची शयनगृहे त्याच्या कुरकुरीने भरून गेली. दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर जाई आणि व्हरांड्यात बसलेला पंखेवाला ती रात्रंदिवस ओढी. त्याला डुलकी लागली म्हणजे आतला साहेब घामाने जागा होई, आणि बाहेर येऊन लाथ मारी. एका माणसाचा घाम सुकवण्यासाठी दुसऱ्याने घाम गाळावा अशी ही व्यवस्था होती, आणि तिच्या छायेखाली बसून न्यायाधीश साक्षीदारांच्या कपाळाकडे पाहत असत. मुंबईत १९०५ पासून विजेचा पुरवठा सुरू झाला, विजेचे पंखे आले, आणि पंखेवाल्यांचा धंदा एका पिढीत नामशेष झाला.

इकडे यूरोपात घामाचे मोजमाप सुरू होऊन बराच काळ लोटला होता. पादुआचा वैद्य सांतोरिओ याने एका प्रचंड तराजूला खुर्ची टांगून, तीत बसून, खाणे, पिणे आणि उत्सर्ग यांचे वजन अनेक वर्षे करीत राहण्याचा विलक्षण उद्योग आरंभला, आणि १६१४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसात आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले तर त्यांतले पाच पौंड त्वचेतून आणि श्वासातून नकळत निघून जाते, असा त्याचा हिशेब होता. १७७४ मध्ये लंडनचा चार्ल्स ब्लॅग्डन हा आपल्या मित्रांसह पाण्याच्या उत्कलनबिंदूहून अधिक तापवलेल्या खोलीत शिरला आणि सुखरूप बाहेर आला, पण त्याच खोलीत ठेवलेला मांसाचा तुकडा शिजून निघाला. कोरड्या हवेत घाम सुकतो आणि तेवढ्याने शरीर वाचते हे त्या प्रयोगाने सिद्ध झाले. १८३३ मध्ये पुरकिंजे याच्या प्रयोगशाळेत त्वचेतील घर्मग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली उलगडल्या. माणसाच्या अंगावर अशा वीस ते चाळीस लक्ष ग्रंथी असतात, आणि एक लिटर घाम पूर्णपणे सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर पडते, ही मोजमापे त्यानंतरची.

हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने १९०५ साली दाखवले की, साध्या तापमापकावरील अंशांपेक्षा ओल्या फडक्याने वेष्टिलेल्या तापमापकावरील अंश श्रमिकांच्या दृष्टीने निर्णायक असतात, आणि स्थिर हवेत हा आर्द्र पारा सुमारे ३१ अंशांच्या वर गेला की स्वस्थ बसलेल्या माणसाचीही उष्णता चढू लागते. मुंबईच्या कापडगिरण्यांना या शोधाशी मोठे कर्तव्य होते. तेथील विणकामखात्यात धागा तुटू नये म्हणून हवेत मुद्दाम ओलावा सोडीत, आणि एरवीच दमट असलेल्या गिरणगावात तो ओलावा मजुराच्या अंगावरचा घाम सुकू देत नसे. धाग्याला मानवणारी हवा माणसाला मानवत नव्हती. या विषयाचा स्वतंत्र इतिहास कोणी तरी अवश्य लिहावा.

आतापर्यंतचे सगळे संशोधन उष्णतेने येणाऱ्या घामाचे होते. तळहात थंड असताना का भिजतात या प्रश्नाला हात घातला तो यास कुनो या जपानी शास्त्रज्ञाने. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात घामाचे दोन स्पष्ट विभाग केले आहेत: उष्णतेचा घाम सर्वांगाला येतो, पण तळहात व तळपाय त्याला फारशी दाद देत नाहीत, आणि मानसिक घाम मुख्यतः याच ठिकाणी व काखेत येतो, मग बाहेर हिमवर्षाव का होईना. बालपणीची पहिली दोन-अडीच वर्षे ज्या हवामानात जातात त्यावर कार्यक्षम ग्रंथींची संख्या ठरते, असेही त्याने दाखवले. त्याच साली लंडनमध्ये डेल आणि फेल्डबर्ग यांनी मांजराच्या पंजांवरील प्रयोगांतून असे सिद्ध केले की, घर्मग्रंथींकडे जाणारे मज्जातंतू अनुकंपी संस्थेचे असूनही त्या संस्थेच्या नेहमीच्या रसायनाऐवजी अॅसिटिलकोलीनच्या द्वारे आपला हुकूम बजावतात. या शोधामुळे दोन गोष्टींचा उलगडा झाला. धोत्रा आणि बेलाडोना यांतील अॅट्रोपिन घाम का थांबवते, जे द्रव्य एकोणिसाव्या शतकातील डॉक्टर क्षयरोग्याच्या रात्रीच्या घामावर देत असत, हे समजले. आणि काही माणसांच्या ग्रंथी संख्येने वा आकाराने वेगळ्या नसून त्यांच्याकडे येणारे हुकूमच वाजवीपेक्षा फार असतात, असे मानण्याला आधार मिळाला. विज्ञानेश्वराचा स्वाभाविक विकार तो हाच.

असे असताही ज्या त्वचेची साक्ष शरीरशास्त्राने संशयास्पद ठरवली, तिलाच यंत्राला जोडून पुन्हा न्यायालयात उभे करण्याचा प्रयत्न विसाव्या शतकाने केला. भावना उद्दीपित झाल्या असता ओलावलेल्या त्वचेतून विजेचा प्रवाह अधिक सहज वाहतो हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फेरे आणि तार्खानोव यांनी दाखवले होते, आणि तेवढ्याच आधारावर पुढे अमेरिकेत असत्यशोधक यंत्रात नाडी व श्वास यांच्या जोडीला बोटांचा घाम मोजण्याची सोय झाली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात, आरोपीच्या संमतीवाचून अशी चाचणी करणे घटनेने दिलेल्या संरक्षणाच्या विरुद्ध आहे, असा निर्णय दिला. योगायोग असा की हा खटला कर्नाटकाच्या नावाने नोंदला गेला, आणि कल्याणी आज त्याच राज्यात आहे.

घामाला अपराधाचे चिन्ह मानण्याची वृत्ती न्यायालयांत सैल होत असताना बाजारपेठेने तिला लज्जेचे रूप देऊन उचलले. अमेरिकेतील सिनसिनाटीच्या एका शल्यवैद्याने शस्त्रक्रियेच्या वेळी आपले हात कोरडे राहावेत म्हणून एक द्रावण तयार केले होते. त्याची कन्या एडना मर्फी हिने ते काखेसाठी विकावयास काढले आणि १९१२ च्या उन्हाळ्यात अटलांटिक सिटी येथील प्रदर्शनात त्याला गिऱ्हाईक मिळाले. १९१९ साली एका महिला मासिकात या द्रावणाची जी जाहिरात आली तिचा आशय असा होता की, तुमच्या अंगाला येणारा वास तुम्हांला कळत नाही, आणि ज्यांना कळतो ते तुम्हांला सांगत नाहीत. सुमारे दोनशे वाचकांनी संतापून मासिकाची वर्गणी बंद केली, आणि पुढच्या वर्षी मालाची विक्री ११२ टक्क्यांनी वाढून ४,१७,००० डॉलरवर गेली. संताप आणि खरेदी एकाच वाचकवर्गाकडून झाली असावी असा माझा तर्क आहे. या द्रावणातले मुख्य द्रव्य अॅल्युमिनियम क्लोराइड, म्हणजे आपल्या तुरटीचे नातलग. तो क्षार घर्मनलिकेच्या तोंडाशी बसून तिला काही काळ बंद करतो. मात्र त्या वेळच्या आम्ल द्रावणाने कातडी चुरचुरे आणि वस्त्रे जळत. ताजा घाम बहुतांशी निर्गंध असतो, काखेतील विशेष ग्रंथींच्या स्रावावर जंतू पोसले जाऊन वास उत्पन्न होतो, हे जाहिरातदारांनी सांगण्याचे काही कारण नव्हते, आणि अत्तरदाणीवर विसंबलेल्या आपल्या पूर्वजांनाही ते अवगत नव्हते.

उपचारांचा नंतरचा इतिहास आशा आणि अतिरेक यांचा आहे. १९२८ मध्ये मॉस्कोच्या मायनर याने त्वचेला आयोडीन लावून वर पिष्टाची पूड टाकण्याची सोपी परीक्षा काढली. जेथे घाम येतो तेथे निळे-काळे ठिपके उमटतात आणि विकाराचा नकाशाच हाती येतो. त्याआधीच १९२० साली कोत्झारेफ याने अनुकंपी मज्जातंतूंची गंडिका छेदून घाम थांबवण्याची शस्त्रक्रिया केली होती, आणि १९५४ मध्ये कुक्स याने हीच शस्त्रक्रिया छातीत नळी घालून, दुर्बिणीतून करण्याचा मार्ग वर्णिला. हात तात्काळ कोरडे होतात, रोगी कृतज्ञ होतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत काही दिवसांनी पाठ, पोट आणि मांड्या यांवर असा घाम सुटतो की पहिलाच बरा होता असे म्हणण्याची पाळी येते. एकदा छेदलेला तंतू पूर्ववत होईल याची हमी नसल्यामुळे ही शस्त्रक्रिया सर्व उपाय थकल्यानंतरचीच समजावी, हे मत आता बहुमान्य आहे.

त्यापेक्षा कितीतरी सौम्य असा एक उपाय जपानच्या इचिहाशी याने १९३६ मध्ये मांडला आणि १९६८ मध्ये लेव्हिट याने घरी वापरण्याजोगा केला: साध्या नळाच्या पाण्याच्या तबकात तळहात ठेवून त्यातून सौम्य विद्युतप्रवाह सोडावयाचा, आणि आठवड्यातून काही वेळा ही बैठक करीत राहावयाचे. त्याने घाम नेमका का आटतो याविषयी शास्त्रज्ञांचे एकमत नाही, पण आटतो हे निश्चित. दुसरा उपाय विषाचा आहे. जर्मनीतील वुर्टेम्बर्गचा वैद्य आणि कवी युस्टिनुस केर्नर याने १८२० च्या सुमारास नासलेल्या सॉसेजमुळे विषबाधा झालेल्या रोग्यांत लाळ, अश्रू आणि घाम आटतात हे टिपले, आणि हेच विष अल्प मात्रेत औषध होऊ शकेल अशी कल्पना केली. पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी, २००४ साली, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने काखेच्या अतिस्वेदासाठी बोटुलिनम विषाच्या टोचण्यांना मान्यता दिली. त्यांचा गुण सहाएक महिने टिकतो. तळहातात त्या फार दुखतात आणि काही दिवस पकड ढिली पडू शकते. पोटात घेण्याच्या गोळ्याही आहेत, पण त्या सर्वांगाचा घाम रोखीत असल्यामुळे वऱ्हाड-नागपुरासारख्या मुलखात भर उन्हाळ्यात त्या घेणाऱ्याला उष्माघाताचे भय असते. चरकाने स्वेदाला मल म्हणूनही त्याच्याकडे काम सोपवले होते, त्याचे मर्म अशा वेळी पटते.

हा विकार विरळा नाही. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शंभर माणसांपैकी जवळजवळ तिघांना तो आढळला. बहुधा तो लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो, दोन्ही अंगांना सारखा असतो, झोपेत थांबतो, आणि पुष्कळदा आईबापांपैकी कोणाला तरी तो असलेला आढळतो. याउलट जो घाम प्रौढपणी नव्याने उपटला, जो रात्री झोपेत अंथरूण भिजवतो, ज्याच्या जोडीला ताप, वजनातली घट, धडधड किंवा एकाच बाजूचा ओलावा आहे, त्याच्यामागे क्षय, थायरॉइड ग्रंथीचा विकार, मधुमेहातील साखरेची घसरण, एखादे चालू औषध असे दुसरे कारण असू शकते, आणि तेथे चंदन वा तुरटी यांत वेळ न दवडता डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

परीक्षेच्या दालनात उत्तरपत्रिकेखाली टीपकागद ठेवणारी, कोणी हात पुढे केला की आपला हात पदराला किंवा विजारीला पुसणारी मुले आपल्या प्रत्येक शाळेत आहेत. ज्यांच्या घरी असे मूल असेल त्यांनी, एवढा घाबरतोस कशाला, हा प्रश्न त्याला विचारणे आजपासून बंद करावे आणि त्याला एकदा त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन जावे.